सोळा की चोवीस, दत्ता?

दत्ता, तू गेल्यावर लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतायत की मला कळेना नक्की कुणाबद्दल चाललंय. सोसायटीच्या शोकसभेत एक जण म्हणाला, "दत्ताभाऊंनी कधी कुणावर आवाज चढवला नाही." मी मागच्या खुर्चीत बसून खोकलो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. मी काही तुझं कौतुक करायला बसलेलो नाही. तुझ्या त्या डब्यानं माझ्या नाकी नऊ आणले, आणि तू ऐन भांडणाच्या मध्यात उठून निघून गेलास. मला राग आलाय. तो आधी घे, बाकीचं मग बघू.

डबा म्हणजे काय, हे तुला सांगायला नको, पण हे चार लोक वाचतील. माइकमधला आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देणारी, आणि कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा परत आवाज करून हेडफोनला देणारी ती काळी, जड, पत्र्याची वस्तू. कुणी तिला कन्व्हर्टर म्हणतं, कुणी इंटरफेस. तू म्हणायचास डबा. बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओतून तू तो जुना उचलून आणलास आणि लेक माहेरी आल्यासारखा मिरवलास. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे डबा आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा, बनवणाऱ्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडलेला. कॉम्प्युटर जरा नवा झाला की दुभाष्याला त्याचं बोलणं समजेनासं व्हायचं. म्हणून तू कॉम्प्युटरची इंटरनेटची तारच काढून टाकलीस. "याला बाहेरचं वारं लागायला नको," म्हणालास. बाळंतिणीची खोली होती का रे ती?

इंदिरानगरमधल्या तुझ्या फ्लॅटची मागची खोली. भिंतींना शोभावहिनींच्या गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या, त्याबद्दल त्यांनी तुला अजून माफ केलेलं नाही. पंखा बंद, खिडकी बंद, आणि आपण आत असेपर्यंत स्वयंपाकघरात कुकर लावायला बंदी. एकदा वहिनींनी दारातून विचारलं होतं, "अहो, तुमचं ते मानसशास्त्र संपेस्तोवर आम्ही भात खायचाच नाही का?" तू हेडफोन न काढताच म्हणालास, "पोळ्या कर."

मी जन्मभर बसस्थानकावर माइकसमोर बसून सुरगाणा, पेठ, कळवण करत गाड्या पुकारल्या. तू वणीचा, तरुणपणी यात्रेत भोंगे बांधायचास. नंतर अंबडच्या कंपनीत नोकरी केलीस, पण तुझे कान भोंग्यापाशीच राहिले. दोघंही रिकामे झालो, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, न दिसणाऱ्या मुलींसाठी अभ्यासाची पुस्तकं कुणी वाचून भरून देईल का? मी हो म्हणायच्या आत तू हो म्हणालास. वाचायचं मी होतं, तरी.

तेव्हापासून मी खुर्चीत, तू समोर स्टुलावर, गुडघ्याला गुडघा लागेल असे आपण बसलो. तुझ्यामुळे एक पान सरळ वाचून होत नसे. मध्येच बोट वर. "परत वाच." का? "मला नाही समजलं. मला नाही समजलं तर पोरीला काय समजणार?" मी म्हणायचो, तू भोंगेवाला, तुला बालमानसशास्त्र कशाला समजायला हवं? तरी परत वाचायचो. तुझ्या कपाळावरची आठी जाईपर्यंत वाचायचो. मग ते सगळं "परत वाच, परत वाच" तू कापून टाकायचास आणि वर मलाच सांगायचास, बघ, कसं सलग झालंय.

आता आपल्या भांडणावर येतो.

आवाज मोजायची पट्टी असते, असं तूच मला समजावलं होतंस. सोळा बिटवर पट्टीवरच्या खुणा जरा जाड, चोवीसवर एकदम बारीक. तुझं म्हणणं, भरायचं ते चोवीसवरच. "सोळात बारीक ते सगळं मरतं, इरफान." माझं म्हणणं, बाबा रे, तू मैफल भरत नाहीयेस. मी पुस्तक वाचतोय, आणि ते ऐकणाऱ्या, वसतिगृहातल्या यमुनाकडे जो हातात मावणारा प्लेअर आहे त्याला सोळाच्या वरचं काही उघडता येत नाही. मग चोवीसवर भरून, शेवटी उतरवून, सोळा करून देण्याचा उपद्व्याप कशाला? तू म्हणालास, उतरवायला असा कितीसा वेळ लागतो. आणि एक अख्खं मेमरी कार्ड न उतरवताच पाठवून दिलंस.

यमुना तेव्हा स्वतः आली होती, आठवतं? सुरगाण्याकडची पोर, शिक्षक व्हायची परीक्षा द्यायला नाशकात येऊन राहिलेली. जवळ बटणांचा साधा फोन. मैत्रिणीचा हात धरून जिने चढून आली आणि दारातच प्लेअर पुढे करून म्हणाली, "सर, पुस्तक बोलत नाय." तू प्लेअर हातात घेतलास, तुझा चेहरा पडला. तिला दिसलं नाही, मला दिसलं. तू घाईघाईनं कार्ड बदलून दिलंस, वहिनींनी तिला चहा दिला, आणि ती गेल्या गेल्या मी तोंड सोडलं. तूही सोडलंस. कधी आवाज न चढवणारे दत्ताभाऊ!

दसरा झाला आणि डबा बिघडला. मी तेव्हा मालेगावला भाचीकडे होतो. परत आलो तर तू कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेला. स्क्रीनवर एकच रट, ही मांडणी या उपकरणाला चालत नाही. यादी उघडली तर त्यात फक्त सोळा. चोवीस गायबच. तू ड्रायव्हर काढलास, घातलास, परत काढलास. ड्रायव्हरच्या आईबहिणीपर्यंत पोचलास. मी म्हटलं, अरे, डबा स्वतःच सांगतोय ना सोळा कर म्हणून! कर सोळा. शेवटची काही प्रकरणं राहिलीयत, मुलीची परीक्षा तोंडावर आलीय. तू म्हणालास, "सोळावर मी भरणार नाय." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तू हेडफोन काढून टेबलावर ठेवलास, आपल्याच घरात आपल्याच खोलीतून उठून बाहेर गेलास आणि हॉलमध्ये टीव्ही लावलास. मी चपला घातल्या. वहिनी म्हणाल्या, "चहा टाकलाय, इरफानभाई." मी थांबलो नाही. मला वाटलं, आठवडाभर फुगेल आणि नेहमीसारखा फोन करेल, "येतोस का, माझं डोकं फिरलंय."

फोन आला तो वहिनींचा. बाथरूममधून बाहेर आलास आणि खाली बसलास म्हणाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दहाव्याला रामकुंडावर मी आलो होतो. माझ्यासारख्यानं कुठं उभं राहायचं ते कळेना, म्हणून चपला हातात धरून कडेला उभा होतो. पिंड ठेवला. कावळे भिंतीवर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेना. मग सुरू झालं, गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते बोला. वहिनी म्हणाल्या, "माझी काळजी करू नका, मी लेकीकडे जाऊन येऊन राहीन." कावळा हलेना. वणीहून आलेले तुझे थोरले भाऊ म्हणाले, "दत्तू, आईची समाधी नीट बांधून घेतो." कावळा मान वळवून दुसरीकडेच बघतोय. मग भाऊ माझ्याकडे वळले. "इरफानभाई, तुमी बोला. तुमच्यातच लय जीव होता त्याचा. तुमच्याशीच कायतरी अडलं असंल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय अडलंय ते मला पक्कं माहीत होतं. वहिनींनाही माहीत होतं. त्या माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "म्हणून टाका ना. चोवीस करतो म्हणा."

दत्ता, मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ते शब्द काही बाहेर येईनात. तू चूक होतास, आणि मेलास म्हणून बरोबर ठरत नाहीस. तुझ्याशी इतकी वर्षं खरं बोललो आणि आता कावळ्यासमोर खोटं बोलू? मी म्हटलं, "दत्ता, यमुनाचं पुस्तक मी पुरं करीन." एवढंच. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि विधी आटोपला. भाऊंच्या तोंडावरून कळत होतं की माझ्याकडून काहीतरी कमी पडलं. परत येताना रिक्षात मी रडलो. रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं आरसा बाजूला फिरवला.

शब्द दिला तर दिला. पण तो पाळायचा कसा?

वहिनींनी खोलीची किल्ली दिली. "तुम्ही बघा, मला नाही जाववत आत." मी गेलो, बटण दाबलं. तीच रट. म्हटलं ठीक आहे, दत्ता नाही, अडवायला कुणी नाही, सोळा करू. केलं. आवाज भरला गेला. ऐकला तर मध्ये मध्ये टक, टक. पाल चुकचुकावी तसं. एका वाक्यात ‘बालकाच्या भावनिक’ टक, ‘विकासात’ टक. वीस मिनिटं वाचलेलं सगळं पुसून टाकलं.

मग मी तुझ्या बिस्किटांच्या डब्यातली ड्रायव्हरची सीडी काढली. जुना ड्रायव्हर काढला, परत बसवला, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. टक. त्याआधीचा ड्रायव्हर घातला. डबा दिसेचना. कॉम्प्युटरचा स्वतःचा ड्रायव्हर लावून पाहिला. माझा आवाज असा जाड आणि सावकाश यायला लागला की शिक्षक होणारी मुलगी घाबरून पोलिसात जाईल. दुसरा वेग लावला. तर मी चिमणीसारखा. अरे, तू जिवंत असताना हे सगळं तू करायचास आणि मी पेपर वाचायचो! सेटिंगमधली कुठली खूण काढायची, कुठली ठेवायची, आधी कुणाला विचारायचं, कॉम्प्युटरला की डब्याला, काही म्हणजे काही सांगून गेला नाहीस. विचारलं की म्हणायचास, "तू वाच, तुझं काम वाचायचं."

कोपऱ्यावरच्या दुकानातला कॉम्प्युटरवाला बोलावला. चांगला माणूस आहे, पण त्याच्याकडे सगळ्याला एकच औषध. "काका, अपडेट मारून घेऊ." मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं मोबाइलवरून इंटरनेट जोडलंसुद्धा. झालं! बाहेरचं वारं लागलं. आता कॉम्प्युटर म्हणे, हा ड्रायव्हर ओळखीचा नाही, याला घरात घेणार नाही. म्हणजे टकटक होती तीही गेली. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, नवीनच घ्या ना हा डबा, जमाना कुठं गेला." मी त्याला इतकं झापलं की वहिनी आतून बाहेर आल्या. मग त्यानं बिचाऱ्यानं दुपारभर बसून सगळं होतं तसं मागे नेऊन दिलं. होतं तसं, म्हणजे टकटक परत आली. तिचा मला आनंद झाला, यावरून समज माझी काय दशा होती.

मधूनमधून यमुनाचा फोन. "सर, झालं का?" घाई नाही, तक्रार नाही. तेच जास्त लागायचं. परीक्षेत त्या शेवटच्या प्रकरणांवर हमखास प्रश्न असतात, हे तिनंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. तुझ्याबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या आधी कशाला. मी मोबाइलवर एक प्रकरण भरून, तिच्या प्लेअरला चालेल असं बदलून कार्डावर पाठवलं. फोन आपल्याच मर्जीनं आवाज वरखाली करतो, खालचा भंगारवाला माझ्यापेक्षा मोठा ऐकू येतो. ती म्हणाली, "जरा डोकं दुखतं सर, पण चालंल." तिचं ते ‘चालंल’ मला चालेना. डोळस पोरांना आपण असं पुसट छापलेलं पुस्तक देऊ का?

शेवटी हात टेकले. म्हटलं, मेन रोडला एक जुनी यंत्रं दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे डबा टाकू. तारा काढल्या, डबा टॉवेलमध्ये गुंडाळायला उचलला, तर बोटाला लाल लागलं. मला वाटलं गंज. चष्मा लावून बघतो तर तार जिथे आत जाते त्या खाचेत लाल, सुकलेलं, चिकटलेलं काहीतरी. तारेच्या टोकावरही तेच. मी तसाच टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनींनी बोट बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हे दसऱ्याचं कुंकू."

दरवर्षी तू डब्याला, माइकला, कॉम्प्युटरला कुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचास, ते मला ठाऊक होतं. पण यंदा म्हणे ओलं कुंकू कालवून तू तारा काढून काढून एकेका टोकाला लावलंस. वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं, अहो पुरे, तारांना कुठं पूजतात? तर म्हणाले, काम तर त्याच करतात, कुणी राहायला नको."

आता समजलं? तुझ्या कुंकवानं तारेतलं जाणंयेणं अडलं. पुरा वेग मिळेना म्हणून डबा आपणहून खालच्या वेगावर उतरला, आणि त्या वेगावर तो चोवीस दाखवतच नाही. म्हणून यादीत नुसतं सोळा, म्हणून ती टकटक. दुभाष्याचा काही गुन्हा नव्हता. तू त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत बसलास, आणि आपण दोघं काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. त्याच्यावरून शेवटचं भांडलो. त्याच्यावरून तू हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावलास.

जुना टूथब्रश घेतला, वहिनींनी स्पिरिट दिलं, खाच घासली, तार पुसली, जोडली. यादी उघडली. चोवीस! बसलंय ऐटीत. मी "दत्ता!" म्हणून ओरडलो रे. इतक्या जोरात की वहिनी पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. मग आम्ही दोघं हसलो आणि त्या रडल्या. मला मात्र परत संताप आला. एवढं मोठं सापडलं ते सांगायचं कुणाला? कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं, तो "अच्छा" म्हणाला. अच्छा! तू असतास तर आधी मान्यच केलं नसतंस, मग कुंकवाची कंपनी बदलली म्हणाला असतास, मग महिनाभर हीच गोष्ट इंदिरानगरभर सांगत फिरला असतास. एका माणसाला हे सांगण्यासारखं होतं आणि नेमका तोच नाही.

आणि हो, मी सोळाच केलं. चोवीस समोर दिसत असताना सोळावर बोट ठेवलं. तू नाहीस म्हणून माझं मत बदललं असं तुला वाटायला नको. कुकर बंद, पंखा बंद, स्टूल समोर तसंच. राहिलेली प्रकरणं एका दमात वाचत गेलो. कुणी बोट वर केलं नाही, त्यामुळे भराभर झालं. एकही टक नाही. थेट प्लेअरला चालेल असं कार्ड, उतरवायची भानगड नाही. वसतिगृहात नेऊन दिलं आणि मनात म्हटलं, बघ, असं करायचं असतं काम.

दुसऱ्या दिवशी यमुनाचा फोन.

"सर, पुस्तक बोलतंय. आवाज एकदम साफ हाय."

"सगळी प्रकरणं आली ना? अभ्यास होईल?"

"हां सर, व्हईल. परीक्षेच्या आधी दोनदा ऐकून व्हईल." "सर, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचार की."

"आधीच्या प्रकरणांत तुमी कुणाला तरी सांगत व्हते. मधीच थांबायचे, त्याला कळलं का बघायचे, मग पुढं जायचे. मला वाटायचं, माझ्या बाजूला अजून कुणी बसून शिकतंय. आता तुमी नुसतं वाचता. आता समोर कुणी बसत नाय का, सर?"

मी तिला परीक्षेला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

दत्ता, सोळावर भरलं होतं ते. तिच्या त्या हातात मावणाऱ्या प्लेअरवर, सोळात, तू खोलीत नाहीस हे त्या पोरीला ऐकू गेलं. मी पहिल्यापासून सांगत होतो ना, सोळात काही मरत नाही म्हणून? जिंकलो मी. आता बोल की काहीतरी.